गरोदर बाईला फिट आली तर
फिट आली की आपल्याकडे कांदा, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. यातलं काहीच करू नका. बाईला हळूच डाव्या कुशीवर वळवा, दाबून धरू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नका. गरोदर बाईची फिट थांबली, तरी घरी ठेवू नका. लगेच 108 ला फोन करा. फिटमध्ये बाळाला प्राणवायू कमी पडतो. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत. दवाखान्यात ते तपासायला सांगा. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज दिसली, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासा. मिरगीची गोळी चालू असेल, तर दिवस राहिले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. गटाच्या बैठकीत हे एकमेकींना नक्की सांगा.