सकाळी सुजलेले डोळे

आरोग्यावर बोला म्हटल्यावर तुम्ही मधुमेह, रक्तदाब यांची वाट पाहत असाल. मी मात्र मुलांचा एक आजार निवडलाय, नेफ्रॉटिक सिंड्रोम. इथे ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई मुलांत तो गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, म्हणून विषय आपल्या घरचाच.

बहुतेकदा दोन ते सहा वर्षांचं मूल असतं, मुलगे जास्त. सकाळी डोळे सुजतात, दुपारी सूज उतरते. डॉक्टरसुद्धा कधी ॲलर्जीचं औषध देतात. व्हिडिओ कॉलवर आजी खूश असते, ‘काय छान बाळसं धरलंय!’ मग पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, पोट फुगतं, लघवी कमी आणि फेसाळ होते.

मूत्रपिंडाच्या गाळणीवर पोडोसाइट पेशींची बारीक बोटं एकमेकांत गुंतलेली असतात. ती चपटी झाली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून निसटतं. रक्तात ते घटलं की अंगात पाणी साठतं, कोलेस्टेरॉलही वाढतं. गंमत अशी, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंड जवळपास निर्दोष दिसतं. म्हणून यातल्या बहुतेक मुलांच्या आजाराचं नाव ‘मिनिमल चेंज’. रोगप्रतिकारशक्तीच बिनसते, हा संशय जुनाच. अलीकडे नेफ्रिन या गाळणीतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं अनेक रुग्णांत सापडल्यावर तो पक्का होत चाललाय. जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुरू होणारा आजार वेगळा, बहुधा जनुकीय. नेफ्रिनचं जनुक १९९८ मध्ये फिनलंडमधल्या अशाच बाळांच्या अभ्यासातून हाती लागलं.

उपचार प्रेडनिसोलोन, हे एक स्टेरॉइड. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे सगळे दचकतात. चेहरा गोल होतो, भूक आणि चिडचिड वाढते, हे खरंच. पण शंभरातल्या ऐंशीहून अधिक मुलांची लघवी काही आठवड्यांत स्वच्छ होते. हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करणं मात्र घातक. आजार बहुतेकांत उलटतो, अनेकदा साध्या सर्दीनंतर. त्यात आईच्या स्वयंपाकाचा दोष नसतो. सूज असताना लोणचं-पापडासारखं खारट टाळा. निसटलेलं प्रथिन भरून काढायला जास्तीची अंडी भरवून काही साधत नाही.

रोज सकाळी पट्टीने लघवीतलं प्रथिन तपासून वहीत नोंद करा. सलग तीन दिवस तीन प्लस आलं तर दवाखान्यात कळवा. ताप आणि पोटदुखी एकत्र आली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर थेट इमर्जन्सीत जा. जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या हेच यातले मोठे धोके. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तरी फोन करा. सुट्टीत भारतात जाताना पट्ट्या, वही आणि पुरेशा गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा.