लेहच्या बायकांचा हिवाळा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या तायांनी मागितलं म्हणून लिहून दिलं आहे.)



वसुलीचं आणि हिशोबाचं बोलून झालंय, चहा यायला अजून वेळ आहे, म्हणून अध्यक्षताईंनी मला उभं केलंय. मागच्या सभेत माझ्या मोबाइलमधले लेहचे फोटो हातोहात फिरले. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या बर्फात बायका दिवसभर करतात तरी काय?" त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण पासबुकं भरायची होती. आज देते. स्वयंपाक करतात. आणि जानेवारीतला तो स्वयंपाक त्यांनी जूनमध्येच सुरू केलेला असतो.

लेह तुमच्यापैकी काहीजणींना माहीत आहे, कारण तुमच्या घरातली, भावकीतली मुलं सैन्यात तिकडे राहून आली आहेत. लडाखचं हे मुख्य शहर. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. माझी कॉलेजची वर्गमैत्रीण तिथली, म्हणून मी जानेवारीत दहा दिवस तिच्या घरी राहिले. पहिले दोन दिवस नुसती झोपून होते. हवा विरळ, दोन पायऱ्या चढलं की धाप लागते.

एक गैरसमज आधी काढून टाकते. लेह म्हणजे गुडघाभर बर्फ, असं मलाही वाटायचं. पण लेह शहरात बर्फ फार पडत नाही. डोंगर पांढरे असतात, गावात मात्र थोडा थर येतो आणि बऱ्याचदा ऊन पडलं की उडून जातो. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर. आपल्या दुष्काळी तालुक्यातसुद्धा त्याच्या चार-पाच पट पडतो! म्हणजे ते वाळवंटच आहे, फक्त थंड. रात्री उणे पंधरा, उणे वीसपर्यंत पारा उतरतो. घरं मातीच्या विटांची, वर सपाट मातीचं छत, अगदी आपल्या धाब्यासारखं. बर्फ पडला की छतावर चढून तो खाली लोटावा लागतो, नाहीतर वितळून घरात गळतो.

पाण्याचं ऐका. हिवाळ्यात नळातलं पाणी पाइपातच गोठतं. मग टँकर, हातपंप किंवा झऱ्यावरून आणायचं. तिथेही कॅन घेऊन रांगेत बायकाच जास्त. आणलेलं पाणी स्वयंपाकघरात चुलीजवळच्या पिंपात ठेवतात, बाहेर ठेवलं तर सकाळी दगड. संडास बरेचसे कोरडे, पाणी न वापरायचे. वर खोली, तिला भोक, प्रत्येक वेळी वरून माती-राख टाकायची, आणि खालच्या खोलीत साठलेलं खत वसंतात शेतात. वास येत नाही, हे मी स्वतः सांगते. जिथे पाणी गोठतं आणि जिथे पाणीच नाही, दोन्हीकडे ही पद्धत कामाची आहे. पण तो विषय पुन्हा कधी.

आता स्वयंपाकघर. हिवाळ्यात अख्खं घर तिथेच राहतं. बाकीच्या खोल्या बंद. मधोमध लोखंडी चूल, तिचा धूर पाइपाने छताबाहेर. जळण म्हणजे वाळकी विलोची लाकडं आणि गाई-याकांच्या गोवऱ्या. झाडं कमी, म्हणून शेणाला फार किंमत. भिंतीला फळ्या आणि त्यावर पितळेची, तांब्याची भांडी रांगेत लावलेली, इतकी चकचकीत की मला माझ्या आजीच्या मांडणीची आठवण झाली. बसायला गालिचे, पुढे बुटकी मेजं. चुलीजवळची जागा म्हाताऱ्या माणसांची. गॅस असतो, पण सिलिंडर थंडीआधी भरून ठेवावे लागतात, म्हणून जपून वापरतात. चूल काय, पेटलेलीच असते, तिच्यावर घरही गरम होतं आणि भांडंही.

इथे एक गंमत सांगते, आणि ती नुसती गंमत नाही. एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशाला उकळत नाही, 88 च्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे उकळतंय असं दिसतं, पण डाळ शिजतच नाही. कुकर नसेल तर तूरडाळीची वाट बघत संध्याकाळ होईल. मग कुकर येण्याआधी शेकडो वर्षं या बायकांनी काय केलं? त्यांनी सातू आधी भाजला आणि मग दळला. त्या पिठाला ङाम्फे म्हणतात. भाजतानाच शिजलेलं पीठ, पुन्हा शिजवायचं कामच नाही. लोणी घातलेल्या चहात कालवलं, मूठ वळली, की जेवण. त्याला खोलक म्हणतात. शेतावर, चराईला, प्रवासाला तेच. जळण वाचलं, वेळ वाचला. आपल्याकडेही सातूचं पीठ होतंच की, गूळ-पाणी घालून खायचो. कुणाच्या घरात अजून आहे? बघा, चार हात वर आले.

रात्रीचं जेवण मात्र गरम आणि पातळ असतं. थुक्पा तर आता आपल्या शहरांतही मिळतो. पण घरचा पदार्थ म्हणजे स्क्यू. गव्हाची घट्ट कणीक मळायची, छोट्या गोळ्या करायच्या आणि अंगठ्याने दाबून प्रत्येकीला खळगा पाडायचा. मग सलगम, गाजर, बटाटा, कांदा, असेल तर मटण, अशा रश्श्यात त्या सोडून शिजवायच्या. तुम्ही ओळखलंच असेल, ही आपली वरणफळं, चकोल्याच! फक्त डाळीऐवजी कंदमुळं. दुसरा प्रकार चुतागी, त्यात कणकेची चकती मधे चिमटून फुलपाखरासारखी करतात. मैत्रिणीच्या आईला मी आमा-ले म्हणायचे. आमा म्हणजे आई, आणि 'ले' म्हणजे आपलं 'जी'. आमा-लेंचे हात बोलता बोलता चालायचे, शंभर गोळ्या कधी झाल्या कळायचं नाही. सकाळी खंबीर, म्हणजे आंबवलेल्या कणकेची जाड भाकर. आणि दिवसभर गुरगुर चहा. चहाची पत्ती खूप उकळायची, मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळायचं, त्या घुसळण्याचा गुरगुर आवाज येतो म्हणून ते नाव. चहा समजून पहिला घोट घेतला तर फसवल्यासारखं वाटतं. सार समजून प्या, मग तिसऱ्या कपाला तुम्हीच पेला पुढे कराल. पाहुण्याचा पेला रिकामा होऊ देत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

आता मुख्य गोष्टीवर येते, म्हणजे कोठारावर.

तिकडे शेतीचा हंगाम एकच, मे ते सप्टेंबर. श्रीनगरहून येणारा रस्ता झोजी ला खिंडीतून येतो, मनालीचा त्याहून उंच खिंडींतून. बर्फ पडला की दोन्ही बंद. आता यंत्रं आली, बोगदे होताहेत, बंद राहण्याचा काळ कमी झालाय. पण पूर्वी सहा-सहा महिने एक ट्रक येत नसे. विमान येतं, आणि विमानाने आलेल्या टोमॅटोचा भाव ऐकला की टोमॅटो नकोसा होतो. म्हणून उन्हाळ्यात जे पिकलं, ते हिवाळ्यापर्यंत पुरवायचं, हे काम घरच्या बाईचं.

बटाटा, गाजर, सलगम, मुळा यांच्यासाठी जमिनीत खोल खड्डा करतात. वरची जमीन गोठते, खालची गोठत नाही. खड्ड्यात भाजी, वर गवत, वर माती, आणि हात घालण्यापुरती जागा. मार्चमध्ये काढलेलं गाजर कडक निघतं. पालेभाज्या उन्हाळ्यातच सावलीत वाळवून पिशव्यांत भरलेल्या. हवा इतकी कोरडी की पाला पटकन वाळतो आणि बुरशी धरत नाही. ताक आटवून त्याचा चोथा वाळवतात, त्याला छुर्पे म्हणतात, दगडासारखा टणक, रश्श्यात टाकला की मऊ होतो. आणि जर्दाळू. खालच्या भागातल्या गावांत जर्दाळूची झाडं, ऑगस्टमध्ये छतं केशरी होतात. फळ वाळवायचं, बी फोडायचं, गोड बी खायचं आणि कडू बीचं तेल काढायचं. आतली बी पांढरी असलेला रक्तसे कार्पो नावाचा जर्दाळू आहे, त्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हापूसला आहे, तसंच.

हे सगळं कोठारात कुठे, किती, किती महिन्यांचं, ते आमा-लेंच्या डोक्यात. वही नाही. घरात तोंडं किती, पाहुणे किती, लोसर म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, ते डिसेंबरच्या सुमाराला येतं, त्याला किती लागेल, आणि मेपर्यंत काय उरलं पाहिजे. कोठाराची किल्लीही त्यांच्याच कमरेला. मला वाटतं, त्या घरात त्यांच्या शब्दाला जे वजन आहे, ते त्या किल्लीचं आहे.

आणि ते वजन कमी होत चाललंय. रेशनवर तांदूळ-गहू स्वस्तात मिळायला लागला तसा सातू मागे पडला. तांदूळ पिकवायला, भाजायला, दळायला लागत नाही, पैसे टाकले की येतो. पैसे कुणाकडे? नोकरी, सैन्य, टॅक्सी, पर्यटन, म्हणजे बहुतेक घरच्या पुरुषांकडे. बाईचं काम तेवढंच राहिलं, पण घर तिच्या कोठारावर चालतंय असं कुणी म्हणेना. पोरी शिकायला जम्मू, चंदीगड, दिल्लीला. माझी मैत्रीणही त्यातलीच. तिला स्क्यू येतं, पण कोणत्या महिन्यात कुठला खड्डा उघडायचा हे येत नाही.

यावर तिथल्या बायका गप्प बसल्या नाहीत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला विमेन्स अलायन्स ऑफ लडाख ही संघटना उभी राहिली. गावोगावच्या बायकांच्या मंडळांना आमा छोग्स्पा म्हणतात, म्हणजे आयांचा गट. आपल्यासारखाच म्हणा, फक्त तिथे सुरुवात बचतीपासून नाही तर शेती आणि जेवणापासून झाली. 1998 मध्ये लेहमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, ती यांनी मागे लागून आणवली. आपल्या राज्यात सगळ्या पिशव्यांवर बंदी यायला 2018 उजाडलं.

आणि बाजार. उन्हाळ्यात लेहच्या मुख्य बाजारात फुटपाथवर आसपासच्या गावच्या बायका भाजी घेऊन बसतात. घोळक्याने फिरणारे पर्यटक, त्यात आपले महाराष्ट्रातले भरपूर, त्यांच्याकडून वाळका जर्दाळू घेतात. सैन्यालाही तिथल्या सहकारी संस्थांमार्फत भाजी जाते. हिवाळ्यासाठी आता बऱ्याच जणींकडे हरितगृह आहे. तीन बाजूंनी मातीची जाड भिंत, दक्षिणेला प्लास्टिकचा कागद. दिवसा ऊन आत येतं, भिंत तापते, रात्री तीच भिंत ऊब देते. जळण शून्य. बाहेर उणे पंधरा आणि आत पालक, कोथिंबीर. मी आत जाऊन पाहिली, चष्म्यावर वाफ धरली. भर जानेवारीत हिरवी जुडी विकणारी बाई भाव करू देत नाही, आणि का द्यावा?

सगळं गोड आहे असं सांगायला मी उभी नाही. थंड पाण्यात भांडी घासून हात फुटतात. कंबर जाते. आणि बंद खोलीत कोळसा किंवा शेगडी पेटवून झोपलं तर माणसं झोपेतच जातात, त्या वायूला वास नसतो. चुलीचा पाइप साफ आहे ना, हे आमा-ले रोज रात्री बघायच्या. आपल्याकडेही थंडीत, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार-खिडकी लावतात. ते करू नका. घरी सुनांना सांगा.

त्यांच्याकडे एकमेकींच्या शेतात कामाला जायची पद्धत आहे, बेस म्हणतात, आपली सावड तीच. आणि फासपुन म्हणजे काही घरांचा एक गट, जन्म, लग्न, मरण, सगळ्यात तीच घरं स्वयंपाकाला उभी राहतात. आमा-लेंच्या शेजारी मी असताना एक आजी गेल्या. तीन दिवस त्या घरची चूल फासपुनच्या बायकांनी सांभाळली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

आता आपलं. आजच्या विषयपत्रिकेवर शेवटचा मुद्दा आहे, वाळवणासाठी सोलर ड्रायरला ग्रामसंघाच्या निधीतून कर्ज द्यायचं का. मागच्या वेळी तो मागे ठेवला, कारण काही जणी म्हणाल्या, सांडगे-कुरडया काय धंदा आहे का, त्या तर घरीच करतो. मला मत द्यायचा अधिकार नाही, मी समन्वयक आहे. पण मतदानाआधी एक करा. घरीच करतो म्हणता, तर किती करता ते मांडा. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या घरात किती किलो कुरडया, सांडगे, पापड, मिरची, मेथी वाळवली, त्यातलं किती वाया गेलं, किती भाचीला-नणंदेला फुकट दिलं, आणि पावसाळ्यात भाजी महागली तेव्हा त्याने किती दिवस भागलं. आमा-लेंच्या डोक्यात होतं, तुमच्याही डोक्यात आहे. ते एकदा कागदावर येऊ द्या, म्हणजे अर्जाच्या बाजूने किंवा विरोधात, जे बोलायचं ते आकड्यांनी बोलता येईल. प्रत्येक गटाच्या सचिवाला मी एकेक कागद दिलाय, दहा-दहा घरांची माहिती भरा. मुद्दा आज पुन्हा मागे ठेवायचा की नाही, ते अध्यक्षताई ठरवतील.

चहा आलाय. त्यात मीठ नाही, घाबरू नका. ही पिशवी छुर्प्याची आहे, आमा-लेंनी तुमच्यासाठी दिली. एकीने एकच तुकडा घ्या, आणि चावू नका, गालात ठेवा. ज्यांच्या दाढा दुखतात त्या मावश्यांनी नुसता वास घ्या.