उन्हाळ्यात घरच्या घरी फिल्म धुणे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय आम्ही मंडळाच्या चिटणीसांस कळविला तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचे आश्चर्य रास्त होते. मोबाईल खिशात असता कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल घालणारा, आणि तो न्हाणीघरात स्वतः धुणारा मनुष्य आता विरळाच. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्याच ज्ञातीतील चार-सहा तरुण-तरुणींनी आजोबांच्या ट्रंकेतले कॅमेरे बाहेर काढले आहेत. त्यांची आमच्यापाशी तक्रार एकच असते : हिवाळ्यात निगेटिव्ह उत्तम येते, वैशाखात बिघडते.

आता आपली लग्ने वैशाखात, मुंजी वैशाखात, आणि सुट्टीमुळे नातवंडांचा मेळाही त्याच दिवसांत. पणजी, आजी, आई आणि मुलगी एका ओळीत बसलेल्या सापडतात त्या याच महिन्यात. म्हणजे जो रोल जिवापाड जपावयाचा तोच नेमका सर्वांत कठीण ऋतूत धुवावयाचा असतो.

कोणी म्हणेल, बाहेरगावी पाठवावा. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने गतवर्षी तसे केले. रोल तापलेल्या गाडीत कोठे कोठे पडून राहिला, आणि ज्या स्टुडिओत गेला तेथेही उन्हाळ्याची काळजी कोणी घेतली नसावी. परत आला तो कडांना सुरकुत्या पडून, मधल्या चित्रांवर बारीक जाळी उमटून. त्या रोलवर घरातील वडीलधाऱ्या बाईंचे अखेरचे छायाचित्र होते. बाई श्रावणात गेल्या. मुलाने ती निगेटिव्ह आमच्यासमोर उजेडात धरली. लुगड्याचा काठ ओळखू येत होता, चेहरा मात्र येत नव्हता.

असे का होते हे समजले की उपाय निम्मा झाला. फिल्मवरील चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात बसविलेले असतात. जिलेटिन म्हणजे हाडाकातड्यांपासून केलेला शुद्ध सरसच. (आपल्यातील कडक शाकाहारी मंडळींनी या वाक्याकडे कानाडोळा करावा.) हा सरस पाण्यात फुगतो, आणि पाणी जितके उष्ण तितका अधिक फुगून मऊ पडतो. मग नखाचा ओरखडाही त्यास पुरतो. उष्ण पाण्यातून थंडात किंवा थंडातून उष्णात तो एकदम गेला तर आकसतो, ताणतो, आणि त्याला जाळी पडते. इल्फर्ड, कोडॅक यांच्या आजच्या फिल्मचा थर कारखान्यातच पुष्कळसा कठीण केलेला असतो, त्यामुळे ही आपत्ती पूर्वीइतकी वरचेवर येत नाही, इतकेच.

दुसरी अडचण वेळेची. बहुतेक कोष्टके 20 अंश सेल्सिअस धरून केलेली असतात. एच.पी. 5 ही फिल्म आय.डी. 11 या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिळविता, 20 अंशांवर साडेसात मिनिटे ठेवावयाची. 24 अंशांवर ती मुदत सव्वापाच मिनिटांवर येते आणि 30 अंशांवर तीन मिनिटांच्या आसपास. एवढ्या थोड्या वेळात द्रव सर्वत्र सारखा काम करीत नाही. आकाशात पट्टे उमटतात. पाच मिनिटांहून कमी मुदत आम्ही कधीच धरीत नाही. त्यापेक्षा डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळावे. मग 20 अंशांवरची मुदत 13 मिनिटे होते, आणि 26 अंशांवरही आठ मिनिटांच्या आतबाहेर हाती राहते. हे पातळ केलेले द्रावण एकदाच वापरून टाकून द्यावे. उन्हाळ्यात जपून ठेवलेला डेव्हलपर तसाही लवकर नासतो.

नवशिक्या मंडळींचा सारा रोख 20 हा आकडा गाठण्याकडे असतो. बर्फ आणतात, डेव्हलपर थंड करतात, आणि मग फिल्म थेट नळाखाली धरतात. गच्चीवरच्या टाकीतून येणारे आमच्या खानदेशातले मे महिन्यातले पाणी हातास चटका देते! जाळी पडावयाची ती येथे पडते. आमचे मत असे की, आकडा 20 असो वा 26, डेव्हलपर, मधले पाणी, फिक्सर आणि शेवटची धुलाई ही सर्व एकाच उष्णतेची असली पाहिजेत. दोन अंशांपलीकडे फरक नको. सारा उन्हाळा 20 वर आणणे आपल्या हाती नाही, पण चार बाटल्या एका पातळीवर ठेवणे आहे.

त्यास साधन कोणते? माठ. कोरड्या हवेत माठाच्या अंगातून पाणी झिरपून वाळते आणि आतले निवते. बाहेर 42 अंश असता माठातले पाणी आम्ही 25-26 अंशांवर मोजले आहे. रात्री दोन माठ भरून ठेवावेत, पहाटे त्यांतील पाणी मोठ्या घमेल्यात ओतावे आणि साऱ्या बाटल्या व टँक अर्धा तास त्यात उभ्या ठेवाव्यात. बर्फ घालणे झाल्यास पिशवीत बांधून घमेल्यात घालावा, डेव्हलपरमध्ये कदापि नव्हे. कोकणातल्या व मुंबईच्या बांधवांस मात्र माठाचा फारसा उपयोग नाही. दमट हवेत पाणी वाळतच नाही. त्यांनी बर्फाची पिशवीच धरावी. तीही नसेल आणि उष्णता 27 च्या वर गेली, तर डेव्हलपरच्या प्रत्येक लिटरात 75 ते 100 ग्राम निर्जल सोडियम सल्फेट घालावे. त्याने सरसाचे फुगणे आवरते. (सल्फेट, सल्फाइट नव्हे; दुकानदार हमखास चुकतो.) मुदत मात्र मग पुन्हा वाढवावी लागते, म्हणून आधी निरुपयोगी तुकड्यावर परीक्षा पाहावी. डेव्हलपरनंतर क्रोम तुरटी 30 ग्राम आणि सोडियम सल्फेट 60 ग्राम लिटरभर पाण्यात घालून त्यात फिल्म तीन मिनिटे ठेवली की थर घट्ट होतो.

काम पहाटे चारला करावे. त्या वेळी हवा थंड असते, आणि न्हाणीघराबाहेर कोणी खोळंबलेले नसते. रोल टँकच्या चक्रावर चढविण्याचे काम मात्र रात्रीच, स्नान करून व हात कोरडे करून उरकावे. काळ्या पिशवीत हात घातले की घाम सुटतो, आणि दमट फिल्म प्लास्टिकच्या चक्रात अडकून बसते.

आता पाण्याविषयी. जुनी पुस्तके सांगतात, अर्धा तास वाहत्या पाण्याखाली फिल्म धुवा. जेथे नळ कधी आटत नाही अशा देशांत ती लिहिली गेली. आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात असा नळ सोडावा, हे आम्हांस पटत नाही. इल्फर्डने सांगितलेली रीत अशी : टँक भरून पाच वेळा उलटासुलटा करावा, पाणी ओतून द्यावे, पुन्हा भरून दहा वेळा, तिसऱ्यांदा वीस वेळा. दीड लिटर पाण्यात काम होते. तुरटीने थर घट्ट केला असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही, आणखी तीन-चार पाणी द्यावीत. शेवटचे पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्यावे, नाहीतर बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग वाळल्यावर दिसतात. वाळत घालावयाचे न्हाणीघरातच, दार लावून, पंख्याविना. बाहेर लू आणि धूळ असते.

भगिनीवर्गास एक विनंती. स्वयंपाकाचे एकही भांडे या कामास देऊ नये, आणि औषधाच्या बाटल्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवू देऊ नयेत. पण काम पुरुषांचेच समजू नये. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आला, त्याच्या कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि रसायने कालविण्याचे काम सरस्वतीबाई फाळके घरी करीत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ वा तुळशीत ओतू नये. निराळ्या डब्यात साठवावा. चांदी काढणारे कारागीर तो घेतात.

उद्या पहाटे साडेचारला धर्मशाळेच्या मागील न्हाणीघरात आम्ही एक रोल धुवून दाखविणार आहोत. दहा जणांपुरती जागा आहे. ज्यांचे रोल धुवावयाचे राहिले असतील त्यांनी ते आणि एक कोरडा पंचा आणावा. माठ चिटणीसांनी आजच भरून ठेवले आहेत.