गिरणीची जमीन आणि गिरणीची माणसे
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गिरणी म्हटली की धुराडे आणि भोंगा आठवतो. परंतु गिरणी ही केवळ कापड विणणारी इमारत नव्हे. तिच्याभोवती एक नगर वसत असे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांत गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी तेथे चाळी, खाणावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि वाचनालये उभारली. नारायण सुर्वे यांची कविता व अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी याच जीवनाशी जोडलेली आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. सुतापेक्षा जमीन मोलाची ठरली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे सांगितले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, दुसरा म्हाडाला घरांसाठी आणि तिसरा मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन मालकाचीच, असे ठरले. प्रकरण न्यायालयांत गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. शहराच्या वाट्याला येणारी मैदाने आणि घरे त्यामुळे आक्रसली. फिनिक्स मिलच्या जागी झगमगते बाजारसंकुल आले.

घर, कचेरी, बाजार आणि करमणूक एकाच परिसरात असावी, असे आजचे नगररचनाकार सांगतात. विचार उत्तमच आहे. वस्तुतः गिरणगाव नेमके असेच होते. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर कामगाराचे सारे आयुष्य सामावलेले असे. नव्या रचनेत बदलले ते एवढेच, की जुन्या रहिवाशाला तेथे राहणे परवडेनासे झाले.

इंदूरकरांना हे दूरचे वाटू नये. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांची २२४ कोटी रुपयांची देणी चुकती होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. जमीन गृहनिर्माण मंडळाकडे देऊन तो मार्ग निघाला. तोवर कित्येक कामगार काळाच्या पडद्याआड गेले होते आणि त्यांच्या वारसांनी ती रक्कम स्वीकारली.

जमिनीचा हिशेब सरकारदप्तरी राहतो. माणसांचा हिशेब कोणी ठेवायचा? तो ग्रंथालयाने ठेवावा. कामगारांच्या घरांतील हजेरीपत्रे, संघटनांची पत्रके, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, जुनी छायाचित्रे आजही सापडतील. उद्या ती रद्दीत जातील. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेला हे कार्य परके नाही. नव्या वस्तीत राहावयास येणाऱ्या मुलाने, येथे पूर्वी काय होते, असे विचारले, तर त्याला या कपाटांत उत्तर मिळावे.