पडलेली गाडी उचलता आली पाहिजे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीच्या मांडवात मोटारसायकलवर व्याख्यान, हे ऐकून कार्यकारिणीतल्या दोघांनी कपाळाला हात लावला म्हणे. लावणारच. काल याच माईकवर अभंगांवर बोलणं झालं आणि आज आम्ही चौघं, नखांत ग्रीस घेऊन उभे. पण विषय आमचा नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या एका काकांनी तो दिलाय.

गेल्या वर्षी विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला निघालो होतो. वाटेत डांबर सोडून एका वाडीकडे जाणारी कच्ची वाट धरली. वर तांबडा चिखल, खाली गुळगुळीत झालेला जांभा. आमच्यातल्या एकाची गाडी तिथं आडवी झाली. वेग ताशी दहासुद्धा नव्हता. सामानासकट सव्वादोनशे किलोच्या घरातलं ते धूड त्याच्या पायावर पडलं आणि घोटा मोडला. आम्ही तिघं पुढच्या वळणापलीकडे. पावसाच्या आवाजात त्याची हाक ऐकूच आली नाही. परत फिरेपर्यंत पाचसहा मिनिटं तो तसाच अडकून होता. गाडी कुठली ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता.

काका सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत. मग गेल्या महिन्यात एक दिवस स्वतःच आले आणि म्हणाले, "पोरगा पुन्हा गाडी घेतो म्हणतोय. मी नको म्हटलं तर चोरून घेईल. तेव्हा कुठली घ्यावी ते तुम्ही चौघांनी चारचौघांत उभं राहून सांगा, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही." चौघांत त्यांचा मुलगाही आला. तो इथं उभा आहे, घोट्यात पट्टी आणि दोन स्क्रू घेऊन.

तर काका, पहिल्यांदा वजनाचं बोलू. इतके दिवस आम्ही गाडीचा कागद वाचताना आधी ताकद बघायचो. आता आधी वजन बघतो. हीरोची एक्सपल्स २०० फोर व्ही पेट्रोल-तेलासकट साधारण १५९ किलोची. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७. केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे ३७३ सीसीचं इंजिन असलेली, १७७ च्या आसपास. रॉयल एनफिल्डची हिमालयन, जुनी ४११ वाली १९९ आणि २०२३ साली आलेली ४५० वाली १९६. कागदावर हलक्यात आणि जडात चाळीसच किलोचा फरक दिसतो. चिखलात हे चाळीस किलो म्हणजे सिमेंटचं जवळजवळ एक पोतं. वर दोन्ही बाजूंच्या बॅगा, तंबू, पाण्याची बाटली. पेट्रोलही लिटरला पाऊण किलो धरा. हिमालयन ४५० ची १७ लिटरची टाकी भरली की पावणेतेरा किलो, आणि तेही वरच्या अंगाला, म्हणजे गाडी कलली की कलतच जाते.

मग सगळ्यांनी एक्सपल्सच घ्यावी का? इथं आमचं आपसात पटत नाही. एक्सपल्सचं इंजिन १९९.६ सीसीचं, ताकद १९.१ पीएस. वाडीच्या वाटेला, ओढ्यात, शेताच्या बांधाकडेनं ती बकरीसारखी चढते. पण पुण्याला जायचं तर हमरस्त्यावर सव्वातीनशे किलोमीटरवर पडतात. ताशी ऐंशीपर्यंत ती खुशीत असते. नव्वदीला मात्र पुढचा ट्रक ओलांडायला मुठीत काही शिल्लक राहत नाही, आणि मागून येणारी लक्झरी बस आपल्यासाठी थांबत नाही. तोही धोकाच आहे. हिमालयन ४५० चं ४५२ सीसीचं इंजिन ४० पीएस देतं. ती त्याच रस्त्याला मागं माणूस बसवून शांतपणे शंभरानं जाते. म्हणून आमच्यातला एकजण अजून तिचीच बाजू घेतो. त्याचं लग्न ठरलंय, हेही एक कारण असेल.

ताकदीपेक्षा ती कुठं मिळते ते महत्त्वाचं. जुन्या ४११ ची ताकद अवघी साडेचोवीस बीएचपी, पण तिचा ३२ न्यूटन मीटरचा जोर चार-साडेचार हजार फेऱ्यांतच मिळतो. दगडधोंड्यांच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीसारखी डुलत वर येते. ३९० चा जोर ३७, जास्तच, पण तो पुरा मिळायला सात हजार फेऱ्या लागतात. म्हणजे चोर्ला घाटाच्या डांबरी वळणांवर तिच्यासारखी मजा नाही. चिखलात मात्र इंजिन फिरतं ठेवावं लागतं, क्लचवर बोट लागतं, आणि नवशिक्याच्या हातून नेमकं तेच चुकतं.

चाकांचंही तसंच. पुढचं चाक २१ इंची असलं की ते खड्ड्यात पडण्याऐवजी त्याच्यावरून जातं. एक्सपल्सला आणि दोन्ही हिमालयनना ते आहे. व्ही-स्ट्रॉम आणि आम्ही म्हणतोय त्या ३९० ला १९ इंची. रस्त्यावर वळायला झकास, दगडात जरा जपून. (२०२५ च्या नव्या ३९० ला आता २१ इंची दिलंय.) तारांचं चाक दगडावर आपटलं तर तारा ओढून सरळ करता येतं, अलॉयला तडा गेला की संपलं. उलट तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. ट्यूबलेस पंक्चर गुंडी भरून दहा मिनिटांत निघतं. ट्यूबचं म्हणजे चाक उतरवा, टायर उचकटा, आणि हे सगळं जळवा झटकत. कणकुंबीच्या पुढं संध्याकाळी पंक्चरवाला शोधायचा म्हणजे काय, ते ज्यानं शोधलाय त्यालाच ठाऊक.

उंचीचा प्रश्न आमच्या एका मैत्रिणीनं सोडवून दिला. ती पाच फूट दोन इंच. ४११ ची सीट ८०० मिलिमीटर उंच, एक्सपल्सची ८२५, ३९० ची ८५५. सगळे म्हणाले, बुटकी गाडी घे. तिनं तिन्ही गाड्यांवर बसून बघितलं आणि एक्सपल्स घेतली. म्हणाली, "एका पायाचा चवडा टेकला तरी १५९ किलो मला सावरता येतात. दोन्ही पाय टेकून १९९ येत नाहीत." आम्हा चौघांच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. ऑफ-रोडिंग म्हणजे जंगलात घुसणं नव्हे. खानापूर-जांबोटीकडचा बराच भाग भीमगड अभयारण्याचा, तिथं गाडी घालायचा आपल्याला हक्क नाही. आणि घाटमाथ्यावरचे सडे पावसानंतर जी फुलं दाखवतात, ती दोन-चार इंच मातीवर जगतात. एकदा टायर फिरला की ती माती वाहून जाते. आम्हीही पूर्वी सड्यांवर गाड्या घालून फोटो काढलेत. ते फोटो आता कुणाला दाखवत नाही.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्याला एकट्यानं हिंडायची हौस आहे, पुण्याला तो रेल्वेनंही जाऊ शकतो, आणि घोटा अजून कच्चा आहे. त्याच्यासाठी एक्सपल्स. हमरस्ता जास्त असता तर व्ही-स्ट्रॉम म्हटलं असतं. हिमालयन ४५० दोन वर्षांनी, घोटा धड झाल्यावर, आणि बॅगा भरताना आम्ही वजनकाटा घेऊन उभे राहू. गुडघ्यापर्यंतचे बूट तो गाडीच्या आधी घेईल. त्याच्या पायात त्या दिवशी कॅनव्हासचे बूट होते आणि आम्हा तिघांपैकी एकानंही त्याला हटकलं नव्हतं. आता कच्च्या वाटेवर मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की पुढच्यानं थांबायचं, असं ठरवलंय. हे वर्षभरापूर्वीच ठरवायला हवं होतं, ही आमची चूक. ती इथं कबूल करतो.

आरतीनंतर मागच्या पटांगणात दोन गाड्या आडव्या करून ठेवणार आहोत, एक हलकी, एक जड. आधी इंजिन बंद, गिअर टाकलेला. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडायचा. हँडल जमिनीकडे पुरतं वळवायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात खालच्या मुठीवर, दुसरा मागच्या दांडीवर, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे-मागे चालत यायचं. आमच्या मैत्रिणीला ती हलकी एकटीला उचलता येते, जड अजून येत नाही. काका, पहिला नंबर तुमचा लावलाय. प्रसाद मात्र उचलून झाल्यावर घ्या.