चावडी आणि चव्हाटा

(नागपूर येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय माणसे जोडण्याचा आहे. नागपुरात या विषयावर बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. १९२५ च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवारांनी याच नगरीत जे कार्य आरंभिले, त्याच्यापाशी ना स्वतःची वास्तू होती, ना वृत्तपत्र, ना निधी. इतकेच काय, 'राष्ट्रीय स्वयंसेवक संघ' हे नावदेखील पुढच्या वर्षी, १७ एप्रिल १९२६ रोजी निश्चित झाले. माणसे आधी जोडली गेली, नाव मागाहून आले. साधन एकच होते. घरी जाणे, भेटणे, बोलणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटणे.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात असे यंत्र आहे की, एका क्षणात दोनशे घरी निरोप पोचतो. मग दोनशे माणसे जोडली गेली असे म्हणावे काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधण्यासाठी आपण येथे जमलो आहोत.

आंतरजालावरील दोन प्रकार

आंतरजालावर माणसांनी एकत्र येण्याच्या दोन भिन्न रीती आहेत. आपण त्यांना सरसकट 'सोशल मीडिया' म्हणतो आणि तेथेच घोटाळा होतो. पहिली रीत चर्चापीठांची. दुसरी रीत फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप यांची.

आपल्या भाषेत या दोहोंसाठी सुंदर शब्द आहेत. पहिली म्हणजे चावडी आणि दुसरा म्हणजे चव्हाटा. दोन्ही सार्वजनिक स्थाने आहेत. पण चावडीवर माणूस विषय घेऊन जातो, बसतो, आपली पाळी आल्यावर बोलतो, दुसऱ्याचे ऐकतो. चव्हाट्यावर कोणी बसत नाही. तेथून जाणारा-येणारा प्रत्येक जण क्षणभर थांबतो, काहीतरी बोलतो आणि पुढे जातो. गोष्ट 'चावडीवर ठेवणे' आणि 'चव्हाट्यावर आणणे' यांतील अंतर आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते.

मराठी माणसाची चावडी

चावडीचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. १९९६ साली 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. त्या वेळी आपल्याकडे इंटरनेट नुकतेच आले होते आणि संगणकावर देवनागरी उमटवणे ही मोठी कसरत होती. अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेला मराठी तरुण, पुण्या-मुंबईचा अभियंता, विदर्भातून बंगळुरूला गेलेला विद्यार्थी, सासरी परदेशी आलेली गृहिणी अशी माणसे तेथे भेटू लागली. पुढे २००४ च्या सुमारास 'मनोगत' आले आणि २००७ साली 'मिसळपाव'. तेथे काय चाले? कोणी पुरणपोळी का फाटते असे विचारी आणि दहा सुगरणी उत्तर देत. कोणी किल्ल्याच्या वाटा सांगे. कोणी कथा लिही आणि वाचक तिची निर्भीड चिकित्सा करीत. गणेशोत्सव आला की आंतरजालावरच उत्सव मांडला जाई. दिवाळीला अंक निघे, आणि त्यासाठी माणसे विनामूल्य राबत.

या चावडीची चार वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले, तेथे विषय मुख्य होता, व्यक्ती गौण. आपला हुद्दा, पगार, छायाचित्र कोणी पाहत नव्हते. लिहिले काय, एवढेच पाहिले जाई. दुसरे, तेथे स्मृती होती. वर्षानुवर्षांपूर्वीची चर्चा आजही शोधून वाचता येते. तिसरे, तेथे मर्यादा राखणारे कोणीतरी होते. वाद हमरीतुमरीवर आला की व्यवस्थापक हस्तक्षेप करी. आणि चौथे, तेथील परिचय पडद्यावर थांबला नाही. मायबोलीकरांचा 'वर्षाविहार' पावसाळ्यात भरू लागला. गावोगावी, देशोदेशी लोक प्रत्यक्ष भेटू लागले. शब्दांनी सुरू झालेली ओळख घरापर्यंत पोचली. माणसे जोडणे म्हणतात ते याला.

चव्हाट्याचे अर्थकारण

२००४ च्या जानेवारीत ऑर्कुट आले आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या एका विद्यापीठात फेसबुकचा जन्म झाला. ऑर्कुटने आपल्या तरुणाईला वेड लावले. हरवलेले वर्गमित्र सापडले, हा त्याचा मोठा लाभ होता. परंतु ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ऑर्कुट बंद केले. याहू ग्रुप्स २०२० साली बंद झाले. ज्यांनी तेथे आपल्या शाळेच्या, गावाच्या, संस्थेच्या आठवणी साठवल्या होत्या, त्यांना विचारण्याचे कोणाला कारण नव्हते. घर भाड्याचे होते, मालकाने रिकामे करून घेतले.

मित्रहो, हे भाडे आपण पैशांत देत नाही, म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. फेसबुकच्या मालक कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचे आहे. आपण जितका वेळ पडद्यापुढे बसू, तितक्या जाहिराती दिसणार. तेव्हा आपल्यापुढे काय यावे, हे आपण ठरवत नाही. त्यांचा संगणक ठरवतो. आणि माणसाला खिळवून ठेवणारी सर्वांत स्वस्त भावना कोणती? संताप. कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ साली उघड झाली. त्यांतून समोर आले की, २०१७ पासून काही काळ साध्या पसंतीपेक्षा भावचिन्हांना, आणि त्यांत संतापाच्या चिन्हालाही, पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे ज्या मजकुरावर लोक चिडतात, तो अधिकांच्या पुढे जाई. चावडीवरचा पोक्त माणूस भांडण मिटवतो; चव्हाट्याच्या मालकाला मात्र भांडणाने गर्दी जमते याचा आनंद असतो.

आपल्या नागपूरची मारबत सर्वांना ठाऊक आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, वर्षभराचा राग, रोगराई, भ्रष्टाचार यांच्या नावाने शहर ओरडून घेते आणि शेवटी ते सारे जाळून मोकळे होते. आपल्या पूर्वजांनी रागालाही एक दिवस, एक मार्ग आणि एक शेवट नेमून दिला. समाजमाध्यमांवर मारबत रोज निघते, आणि ती कधी जळत नाही.

राईनपाडा आणि गडचिंचले

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी काय घडले, ते आठवा. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पसरल्या होत्या. आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले. जमावाने त्यांना घेरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच ठेचून ठार मारले. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या दारोदार नाथांचे नाव पोचवले, ज्यांच्या झोळीत आपल्या आज्यांनी पसाभर धान्य घातले, त्यांना 'तुम्ही कोण, कुठले' एवढे विचारून शांतपणे उत्तर ऐकून घेणारे त्या जमावात कोणी निघाले नाही. स्थान चावडीचे होते. पण त्या दिवशी चव्हाटा चावडीत शिरला होता.

दोन वर्षेही पूर्ण झाली नाहीत, तोच १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. टाळेबंदीचा काळ होता. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा त्या भागात होत्या. गुरूच्या अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले ते संन्यासी पोलिसांदेखत मारले गेले. भगव्या वस्त्रांनीही त्यांचे रक्षण केले नाही.

या दोन्ही घटनांनी आपण सर्व व्यथित झालो. त्या व्यथेबरोबर एक प्रश्नही स्वतःला विचारला पाहिजे. शहानिशा न करता निरोप पुढे पाठवण्याची जी सवय त्या खेड्यांत होती, ती आपल्या सुशिक्षित घरांत नाही काय? संदेश आपल्या विचाराला अनुकूल आहे, एवढ्याच आधारावर आपण तो खरा मानतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. परदेशी कंपनीला घालावा लागलेला हा लगाम आहे. आपल्या बोटाला लगाम घालणारा विवेक मात्र आपल्याच घरी घडला पाहिजे.

भटक्या समाजापर्यंत पोचण्याची दुसरी रीत आपल्यापुढे आहेच. गिरीश प्रभुणे आणि त्यांचे सहकारी पारध्यांच्या पालांवर जाऊन बसले, त्यांचे ऐकले, पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आणि तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला त्या समाजाच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृह उभे राहिले. समाजमाध्यमे नव्हती तेव्हाची ही गोष्ट. ज्याच्या पालात आपण बसलो, त्याच्याविषयीच्या अफवेवर आपला विश्वास बसत नाही.

दुसरी बाजू

एकांगी बोलणे योग्य नव्हे. चर्चापीठेही दोषमुक्त नव्हती. टोपणनावाआड दडून केलेले वार तेथे होते, कंपूबाजी होती, नवख्याची टिंगल होती. शिवाय तेथे मुख्यतः संगणक बाळगणारा, निवांत वेळ असणारा वर्गच येत होता. गडचिरोलीचा शेतकरी तेथे नव्हता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि भ्रमणध्वनीने त्याला आपले म्हणणे मांडण्याची सोय दिली, हे समाजमाध्यमांचे श्रेय नाकारता येणार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूर करोनाने होरपळत असताना कोठे खाट रिकामी आहे, कोठे प्राणवायूचे सिलिंडर मिळेल, कोणाकडे डबा पोचवायचा, हे याच गटांतून कळत होते. निकडीची हाक देण्यासाठी चव्हाट्यासारखे स्थान नाही. दवंडी चव्हाट्यावरच पिटतात. मात्र दवंडी म्हणजे संवाद नव्हे, आणि निवाडा तर नव्हेच नव्हे.

८ मे १९७४ रोजी पूजनीय बाळासाहेब देवरस पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सामाजिक समतेवर बोलले. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून चालत आलेले ते व्यासपीठ. समोर अनुकूल होते तसे प्रतिकूलही. अस्पृश्यतेविषयीची निःसंदिग्ध भूमिका त्यांनी तेथे सविस्तर, कारणांसह मांडली. ते भाषण आजही कार्यकर्त्यांच्या अभ्यासात आहे. त्याचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे करून फिरवले असते, तर टाळ्याही मिळाल्या असत्या आणि शिव्याही; विचार मात्र कोणाच्या मनात रुजला नसता.

आपण काय करावे?

आज धंतोली, रामदासपेठ, प्रतापनगर येथील कित्येक घरांत आई-वडील दोघेच असतात. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. कुटुंबाचा गट असतो आणि त्यावर सकाळी सुप्रभातचे फूल नेमाने पोचते. पण आईचा गुडघा दुखतो हे मुलाला ठाऊक नसते, आणि मुलाच्या नोकरीवर टांगती तलवार आहे हे आईला ठाऊक नसते. दिवसातून चाळीस संदेश आणि महिन्यातून एक संभाषण, अशी आपल्या कुटुंबांची अवस्था होऊ लागली आहे. श्रीगुरुजी देशभर अखंड प्रवास करीत, तरीही कोणाच्या घरचे आजारपण, कोणाच्या मुलीचा विवाह यांची ते पत्रांतून आपुलकीने चौकशी करीत. त्यांचे पत्रसंग्रह उघडून पाहा. त्यांतील पत्रे त्या त्या माणसासाठी लिहिलेली आहेत. 

म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, कोणत्याही व्यक्तीविषयी वा समाजाविषयी आलेला संदेश कोणी लिहिला, केव्हाचा आहे आणि कोठला आहे, हे कळल्याखेरीज पुढे पाठवू नये. मग तो आपल्या बाजूचा का असेना. दोन, आपल्या प्रत्येक गटाला विषय असावा आणि मर्यादा राखणारा एक पोक्त माणूस असावा. गट म्हणजे चावडी झाली पाहिजे. तीन, मतभेद झाला तर तो गटावर न लढवता दूरध्वनी करावा, आणि त्याच गावात असू तर घरी जाऊन चहा घ्यावा. समोर बसलेल्या माणसाला आपण सहसा देशद्रोही म्हणत नाही. चार, आठवड्यातून एकदा सर्व कुटुंबाने एकत्र भोजन करावे, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावेत; जी मुले दूर आहेत त्यांच्याशी त्या दिवशी लिहून नव्हे, बोलून संवाद साधावा.

माध्यम कोणतेही असो, ते आपल्याला माणसाच्या दारापर्यंत नेते. दार वाजवून आत जाणे आपल्यालाच करावे लागते. संघाच्या शंभर वर्षांचा अनुभव याहून निराळे काही सांगत नाही. येथून घरी गेल्यावर आपल्या गटातील एक असे नाव शोधा, ज्यांच्याशी वर्षभरात प्रत्यक्ष बोलणे झालेले नाही. या रविवारी त्यांच्या घरी जा. एवढी विनंती करून मी माझे बोलणे पूर्ण करतो.

भारत माता की जय!