अचौर्य व्रत आणि प्रदेशाची समृद्धी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)

पन्नास वर्षांच्या वाटचालीत संस्थेची वास्तू जितकी महत्त्वाची, तितकीच तिची हिशेबवहीही महत्त्वाची. दात्याचा रुपया योग्य ठिकाणी पोहोचतो, हा विश्वास हेच संस्थेचे खरे भांडवल होय. जे संस्थेचे, तेच प्रदेशाचे.

या दृष्टीने इटलीचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे १९७० साली बहुतेक प्रांतांत एकाच धर्तीची प्रादेशिक सरकारे स्थापन झाली. रचना एक, अधिकार सारखे. परंतु उत्तरेकडील एमिलिया-रोमान्याचा कारभार सुरळीत चालला, तर दक्षिणेकडील कालाब्रिया मागे पडला. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट पुटनम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या फरकाचे मूळ नागरिकांच्या परस्परविश्वासात व सहकार्याच्या परंपरेत शोधले. पाओलो मौरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ साली अनेक देशांची तुलना करून दाखविले की, जेथे भ्रष्टाचार अधिक तेथे गुंतवणूक कमी आणि पर्यायाने आर्थिक वाढही मंद असते.

याचे कारण व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी संपली. तोवर नाक्यावर खोळंबलेल्या ट्रकमध्ये नुसता माल नव्हे, भांडवल अडकून पडे. 'हात ओले केले की काम लवकर होते' असे म्हटले जाते. परंतु घाईचे पैसे मिळू लागले की विलंब हाच धंदा होऊन बसतो. कर ठरलेला असतो, तो भावात धरता येतो. लाचेला दर नसतो. म्हणून नवा उद्योजक दूर राहतो आणि ओळखीचाच तेवढा टिकतो.

तथापि दोष केवळ घेणाऱ्याचा नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : चोरीस उत्तेजन, चोरीच्या मालाची खरेदी, राज्यनियमांचे उल्लंघन, मापातील लबाडी आणि भेसळ. लाच आणि बिनपावतीचा व्यवहार यांबाहेर आहे, असे कोणता श्रावक म्हणू शकेल? २०१८ च्या कायदादुरुस्तीनुसार लाच देणाराही थेट अपराधी ठरतो. सक्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करावी लागते.

एकटा दुकानदार नकार देतो तेव्हा त्याचे काम अडते, हे खरे. सर्व पेढ्यांनी मिळून नकार दिला, व्यापारी संघामार्फत लेखी तक्रार केली, तर अडविणाऱ्याचीच अडचण होते. दानपेटीत मोठी रक्कम टाकल्याने गल्ल्यातील दोष धुतला जात नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक पेढीने पक्के बिल आणि स्वच्छ वही यांचा नियम घ्यावा. संस्थेस याहून मोठी देणगी नाही.